ओल्या रंगाची दारं

धाकटीने स्वयंपाकघरातल्या कपाटांना रंग द्यायचा विषय काढला, तेव्हा थोरलीचे हात कणीक मळतच राहिले, पण मन मात्र जागच्या जागी थबकलं.

"ताई, मी काय म्हणते, या कपाटांना एकदा रंग देऊन टाकू या का? किती मेणचटलीत बघा. हात लावला की बोट चिकटतं."

"कोण देणार रंग?"

"मीच देईन की. दुकानातून सुट्टी घेतलीय. हेसुद्धा संध्याकाळी हात लावतील."

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. घरात दोघे भाऊ, दोघी जावा, दोघींचं एकेक लेकरू आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. ओट्याच्या वर आणि खाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाकडी कपाटांची रांग. सासूबाई गेल्यापासून ते सगळं थोरलीच्या ताब्यात. कुठल्या कप्प्यात काय आहे हे ती डोळे मिटून सांगे. धाकटी लग्न होऊन आली त्याला आठ वर्षं झाली होती, पण या घरात तिने कधी काही मागितलं नव्हतं. मग आत्ताच का?

माणसाचं मन मोठं गमतीचं असतं. समोरच्याने काही मागितलं नाही की म्हणतं, गुणाची आहे बिचारी. आणि एक दिवस त्याने मागितलं की म्हणतं, इतके दिवस का बरं गप्प होती? देवाने माणसाला डोळे दोनच दिले, पण संशय आला की तिसरा आपोआप उघडतो, आणि त्याला पापणी नसते.

"बघ बाई, तुझं तू," थोरली म्हणाली.

दुपारी ती कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली आणि नको तिथे बोलून बसली. शेजारच्या बाईला सगळी इमारत 'बातम्या' म्हणत असे. तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

"रंग? आणि ती स्वतः देणार?" बातम्याने कठड्यावरून अर्धं अंग बाहेर काढलं. "माझ्या मामेबहिणीकडे अस्संच झालं हो. आधी रंग, मग दोन शेगड्या, मग मधोमध भिंत. आता एकीने फोडणी टाकली की दुसरीला ठसका लागतो."

"आमच्याकडे तसं काही नाही हो."

"त्यांच्याकडेही नव्हतं," बातम्या म्हणाली आणि शांतपणे पायजमा झटकला.

रात्री जेवताना थोरलीने नवऱ्याच्या कानावर घातलं. तो बसच्या डेपोत कामाला होता. जगातल्या सगळ्या गोष्टी वेळेवर येतात किंवा उशिरा येतात, याच्या पलीकडे तो फारसा विचार करत नसे.

"अगं, कपाटं रंगवतायत. घर सोडून पळत नाहीयेत."

"तुम्हाला काही दिसत नाही."

"दिसतं की. मीठ कमी आहे आमटीत."

काम सुरू झालं. धाकटीने पहिल्याच सकाळी ओट्याची लांबी मोजली आणि बरोबर मधोमध, वरच्या कपाटापासून थेट फरशीपर्यंत, कागदी चिकटपट्टीची सरळ रेघ ओढली. मग त्या रेघेवरून प्लॅस्टिकचा पडदा सोडला.

"हे काय गं?" थोरलीने विचारलं.

"आधी डावी बाजू करू, ताई. तोवर उजवीकडे तुमचा स्वयंपाक चालू राहील. मग उजवी."

ऐकायला सरळ होतं. पण थोरलीने रेघेकडे पाहिलं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे. डावी बाजू आधी रंगणार, नवी कोरी होणार. ती कुणाची? आणि शेगडी, काजळी, गळका नळ ही उजवी बाजू कुणाची?

डावीकडची कपाटं रिकामी झाली. पिठाचे, तांदळाचे, डाळींचे डबे खोक्यांत भरून पॅसेजमध्ये आले. धाकटी एकेक भांडं हातात घेऊन उलटंसुलटं करून बघत होती. मध्येच तिने विचारलं, "ताई, यातलं माझं असं काय काय आहे हो?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी येताना आणलेलं."

थोरलीने एकेक करून दाखवलं. एक कढई, दोन झाकणं, एक उंच पेला, लाटणं. धाकटीने ते सगळं एका लहानशा खोक्यात ठेवलं. आणि ते खोकं पॅसेजमध्ये नाही, आपल्या खोलीत कॉटखाली नेऊन ठेवलं. थोरलीने केर काढताना ते पाहिलं. पाहिलं म्हणजे, केर काढायला ती त्या खोलीत तिसऱ्यांदा गेली होती.

धाकटीचं काम मात्र चोख होतं, हे थोरलीलाही मान्य करावं लागलं. तिने सोड्याच्या पाण्याने वर्षानुवर्षांचा तेलकट थर धुऊन काढला, पॉलिश पेपरने लाकूड घासलं, भेगांत पुट्टी भरली, प्रायमर मारला, आणि मग सायीच्या रंगाचा पहिला हात दिला, दुसरा दिला. दारं काढली नव्हती, जागच्या जागीच रंगवली होती. म्हणून प्रत्येक दारात कागदाचा बोळा अडकवून ती अर्धवट उघडी ठेवली.

"मिटायची नाहीत बरं का कुणी," तिने मुलांना दम दिला. "चांगली आठवडाभर अशीच राहू देत."

"भूत येईल का त्यातून?" थोरलीच्या मुलीने विचारलं.

"तू मिटलंस तर मी येईन."

हे असं हसून खेळून चाललेलं असताना थोरलीला मध्येच वाटे, आपण उगाच काहीबाही मनात आणतो. ती देवापुढे हात जोडून म्हणेही, बाबा रे, हे मनातलं जळमट तेवढं काढ. आणि संध्याकाळपर्यंत कोळी पुन्हा कामाला लागलेला असे.

त्या दिवशी धाकटी दुपारी केस विंचरून निघाली. "रंगाच्या दुकानात जाऊन येते, ताई. ब्रश पार झिजलेत." आदल्या दिवशीही ती तिथेच गेली होती आणि रिकाम्या हाताने परतली होती. हवा तो ब्रश आला नव्हता म्हणे.

थोड्या वेळाने थोरलीही पायांत चपला सरकवून बाहेर पडली. बल्ब आणायचा होता. बल्ब रंगाच्या दुकानाशेजारीच मिळे. तिने बल्ब घेतला आणि सहज, अगदी सहज, शेजारच्या दुकानात डोकावली.

"आमची धाकटी येऊन गेली का हो?"

रंगवाल्याने डब्यावरचं झाकण ठोकत मान हलवली. "मागच्या आठवड्यात डबे नेले त्यांनी. त्यानंतर नाही आल्या."

"काल?"

"काल कसल्या येतायत. काल मी एकटाच माश्या मारत बसलो होतो."

घरी येईपर्यंत थोरलीच्या पायांखालची वाट तिला दिसली नाही. म्हणजे खोटं बोलली. आठ वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही एका ब्रशासाठी? पट्टी, खोकं आणि आता हे. उद्या ही समोर बसून म्हणणार, ताई, आमचं आम्ही वेगळं करतो. आपली पोरं एका ताटात जेवायची. आता एक पोर पडद्याच्या अलीकडे आणि एक पलीकडे. थोरलीला दुसरं कसलं भय नव्हतं. जागा जावो, डबे जावोत, पण या घरात जेवणाच्या वेळी एकच हाक जायची, "चला रे सगळे", ती हाक अर्धी होणार. आणि भ्यालेल्या माणसाला सुचू नये ते सुचतं.

तिने पॅसेजमधली खोकी ओढत आणली आणि डावीकडची सगळी कपाटं भरायला घेतली. पीठ खालच्या कप्प्यात, तांदूळ त्याच्या शेजारी, डाळी वर, साखर डोळ्यांसमोर. सगळं जिथल्या तिथे, होतं तस्सं. रिकाम्या कपाटावर कुणीही हक्क सांगेल. भरलेलं रिकामं करा म्हणायला मात्र तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की पोटातलं बाहेर पडतं. पडू दे एकदाचं.

तिने एका दाराला बोट लावून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही. वाळलाय की! एकेक बोळा काढून तिने सगळी दारं मिटली. घट्ट बसावीत म्हणून तळहाताने दाबलीसुद्धा.

दिवेलागणीला धाकटी आली. तिच्या चपलांना पांढरा चुना लागला होता. हातात ब्रश नव्हता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ती थांबली.

"दारं कुणी मिटली?"

तिच्या बोलण्यात पहिल्यांदाच 'ताई' नव्हतं.

"मी मिटली. वाळली होती. सामान किती दिवस पॅसेजमध्ये ठेवायचं? मुंग्या लागतील."

धाकटीने पर्स खाली ठेवली आणि पहिल्या दाराची मूठ ओढली. दार हललं नाही. दुसरं ओढलं. तेही नाही. वरून वाळल्यासारखा वाटणारा रंग आतून ओलाच होता, आणि दार आणि चौकट यांनी एकमेकांना असं धरलं होतं, जसं काही जन्मापासून एकच फळी असावी.

तेवढ्यात धाकटा कामावरून आला. त्याने जोर लावला तर मूठच हातात आली. मुलं खिदळायला लागली. मागोमाग थोरला आला.

"आज उपास आहे का?"

"पीठ आत, तांदूळ आत," धाकटा म्हणाला. "सगळं आत, आपण बाहेर."

"कुणी केलं?" थोरल्याने विचारलं आणि बायकोकडे पाहिलं. "रुमाल टाकून जागा धरलीस होय गं? बसमध्ये टाकतात तसा?"

त्याने थट्टेत म्हटलं, पण नेमकं वर्मी लागलं. थोरली भिंतीकडे तोंड करून पेले विसळायला लागली. स्वच्छ पेले.

धाकट्याने नायलॉनचा दोरा आणला, दाराच्या फटीत वरून सरकवला आणि करवतीसारखा पुढेमागे ओढत खाली आणला. चर्र असा आवाज झाला आणि दार उघडलं. त्याच्याबरोबर सायीचा रंग साल निघावी तसा फरफटत निघाला. खालचं लाकूड उघडं पडलं. दुसरं दार, तिसरं दार. प्रत्येक वेळी तोच आवाज, आणि प्रत्येक वेळी थोरलीचे खांदे जरासे वर जात.

धाकटी फाटलेल्या रंगाकडे पाहत नव्हती. ती आत पाहत होती. पीठ खाली, तांदूळ शेजारी, डाळी वर. ती तिथेच फरशीवर बसली.

"सगळं होतं तसंच लावलंत," ती म्हणाली.

"मग कसं लावायचं होतं?" थोरली गर्रकन वळली. "अर्धं तुझं, अर्धं माझं? सरळ सांग ना! मधोमध पट्टी ओढलीस. तुझं खोकं बांधून कॉटखाली ठेवलंस. ब्रशाचं नाव सांगून भलतीकडे जातेस. मी काय आंधळी आहे?"

"वहिनी, काय बोलताय?" धाकटा म्हणाला. "रंगाच्या दुकानातच जाते ती."

"विचारा तिलाच, भाऊजी."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. तिने डोळे पुसले नाहीत, कारण ते ओले नव्हते.

"दुकानात नव्हते गेले," ती म्हणाली. "दोन खोल्या बघायला गेले होते. आपल्या तिघांसाठी."

संशय खरा ठरला की माणसाला जिंकल्यासारखं वाटायला हवं. थोरलीला तसलं काही वाटलं नाही. आपण आयुष्यात एकदा चुकलो असतो तर देवाचं काय बिघडलं असतं, असं तिला वाटून गेलं.

"मला सांगितलंसुद्धा नाहीस?" धाकट्याचा आवाज बारीक झाला होता.

"काय सांगणार? माझंच मला ठरत नव्हतं." धाकटी त्याच्याशी बोलत होती, पण नजर कपाटातच होती. "मध्यंतरी पोराने विचारलं, आई, खिसणी कुठेय? मी म्हटलं, मोठ्या आईला विचार. तो म्हणाला, तुला आपल्या घरातलं काहीच कसं माहीत नसतं? आठ वर्षं झाली, ताई. एक वाटी कुठे ठेवायची, हे मी कधी ठरवलेलं नाही. वाटी हवी असली की तुम्हाला हाक मारते. माझं म्हणून जे होतं ते एका खोक्यात मावलं. खोकंही भरलं नाही."

"मग बोलायचं नाही का?" थोरली म्हणाली. तिचा आवाज चढायला गेला आणि अर्ध्यातच उतरला. "मी काय नाही म्हटलं असतं?"

"नसतं म्हटलं. तेच तर. मी म्हटलं असतं, मला एक कप्पा द्या, तर तुम्ही रिकामा करून, पुसून, कागद घालून दिला असता. पाहुण्यांना देतात तसा." धाकटीने खाली पडलेला रंगाचा एक पापुद्रा उचलून बोटांत चुरगळला. "म्हणून म्हटलं, रंग देऊ. रंग द्यायचा तर सगळंच बाहेर काढावं लागतं, तुमचंही आणि माझंही. मग परत लावताना दोघी उभ्या राहू, हे इथे नको, ते तिथे हवं, असं काहीतरी भांडू. एवढं जमलं तर राहायचं. नाही जमलं तर त्या खोल्या. मालकिणीला उद्या उत्तर द्यायचंय."

चौथं दार अजून चिकटलेलंच होतं. दोरा धाकट्याच्या बोटाला गुंडाळलेला राहिला.

थोरलीला म्हणायचं बरंच होतं. चुकले म्हणायचं होतं, जाऊ नकोस म्हणायचं होतं. पण अशा वेळी तोंडाशी येतं ते भलतंच. ती म्हणाली, "पोरांना भूक लागली असेल." आणि पदर खोचून कपाटासमोर बसली. पिठाचा डबा बाहेर काढून तिने फरशीवर ठेवला. मग तांदळाचा, मग डाळींचे. मघाशी ज्या हातांनी भरलं त्याच हातांनी ती सगळं बाहेर काढत राहिली, आणि थोरला पाव आणायला खाली गेला.

दुसऱ्या दिवशी दोघी दारं घासायला बसल्या. फाटलेला रंग पार उतरवून पुन्हा पहिल्यापासून सगळं करायचं होतं. सकाळभर बोलणं म्हणजे "तो पेपर दे" आणि "धूळ डोळ्यांत जाईल" एवढंच. दुपारी धाकटी उठली, फोन घेऊन आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.

थोरलीचा हात थांबला. खोलीतून दबका आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण दाराशी गेलं असतं तर कळले असते. पॅसेज काही लांब नव्हता. केर काढायचं निमित्तही होतं. ती उठली, दोन पावलं टाकली, आणि मग तिला स्वतःचीच अशी लाज वाटली की ती परत येऊन खाली बसली आणि पॉलिश पेपर जोरजोरात घासायला लागली. इतक्या जोरात, की त्या खर्रखर्रीपुढे दुसरं काही ऐकूच येऊ नये. हात भरून आला तरी ती थांबली नाही. देवा, आज माझे कान एवढे मिटून ठेव, असं ती घासता घासता म्हणत होती.

धाकटी बाहेर आली तेव्हा थोरली पिठासारख्या धुळीने पांढरी झाली होती. नाकाचा शेंडासुद्धा.

"अहो ताई, एवढं नका घासू. लाकूड संपेल."

थोरलीने काही विचारलं नाही. जीभ दातांखाली धरून ती कोपरा घासत राहिली. धाकटी शेजारी बसली, तिनेही एक तुकडा हातात घेतला. बऱ्याच वेळाने, दाराच्या पलीकडच्या बाजूने, तिचा आवाज आला.

"मालकीण फार रागावली. म्हणाली, नकोच होत्या तर दोनदा कशाला येऊन गेलात?"

थोरलीने दारामागे तोंड लपवलं. धूळ होतीच, त्यामुळे डोळे चोळायला सोयीचं झालं.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आमच्या घरी कपाटांचं काम काढलंय. अर्धवट टाकून कुठे जाऊ."

दारं या वेळी पुरती वाळू दिली. कुणी त्यांच्याकडे बोटसुद्धा केलं नाही. मग उजवी बाजू झाली, पडदा निघाला, आणि एका रविवारी दोघींनी सामान लावायला घेतलं. धाकटी म्हणाली होती तसं अगदी व्यवस्थित भांडण झालं. पीठ वर ठेवायचं की खाली, यावर थोरल्याला दोन्हीकडून बोलणी बसली, आणि तो काहीच बोललेला नव्हता. धाकटीने डाळी खाली आणल्या, पेले वर नेले, खिसणी ओट्यापाशी खिळ्याला टांगली. थोरलीला त्यातलं निम्मं पटलं नाही. "शेगडीपाशी डाळी? उबेने किडे होतील," ती म्हणालीच. "होऊ देत, मी निवडीन," धाकटी म्हणाली. थोरलीने डबा तिथेच ठेवला, आणि ठेवल्यावर जरासा मागे सरकवला. एवढं तर चालायचंच.

सोमवारी पहाटे थोरली सगळ्यांच्या आधी उठली. चहाचं आधण ठेवलं आणि सवयीने हात वर, डोळ्यांसमोरच्या कप्प्याकडे गेला. तिथे पेले. शेजारी उघडलं, तिथे तांदूळ. खाली वाकली, तिथे बरण्या, पण रिकाम्या. आधण खळखळायला लागलं.

"अगं, साखर कुठे ठेवलीस?" तिने हाक मारली.

आतून झोपेतला आवाज आला, "खालच्या तिसऱ्यात, ताई."

तिसऱ्यात साखर नव्हती. ही मुद्दाम तर चुकीचं सांगत नाही ना, असा एक किडा थोरलीच्या मनात क्षणभर वळवळला. तेवढ्यात विस्कटलेल्या केसांची धाकटी डोळे चोळत येऊन उभी राहिली. तिने तिसरा कप्पा पाहिला, चौथा पाहिला, मग ओट्यासमोर कमरेवर हात ठेवून थांबली.

"मला वाटतं, मीच विसरले," ती म्हणाली.

थोरलीने शेगडी बारीक केली. "तू वरून बघ, मी खालून बघते," ती म्हणाली, आणि दोघी एकेक दार उघडत निघाल्या.